तात्यांनी खीर खाल्ली होती

बौद्ध झाल्यावर आमच्या वस्तीत बरंच काही बदललं. देव्हाऱ्यातले टाक पंचगंगेत गेले, मेलेली जनावरं ओढणं बंद झालं, पौर्णिमेला सगळे पांढरे कपडे घालून वंदनेला बसू लागले. माझ्या वडिलांचं, आबांचं, तेवढ्यावर समाधान नव्हतं. हातकणंगले स्टेशनच्या हद्दीत ते रेल्वेत गँगमन होते आणि वंदनेत पंचशीलाच्या ओळी पुढे म्हणून वस्तीला शील तेच द्यायचे. "नुसतं तोंडपाठ करून काय करायचं? घरात दिसाय पायजे," म्हणायचे. ड्युटीवर डुलकी लागली होती हे एकदा त्यांनी साहेबांना आपणहून सांगितलं आणि शिक्षा ओढवून घेतली. आई त्यावरून त्यांना कितीतरी दिवस टोचत होती.

साठ-बासष्ट साल असावं. बुद्धजयंतीची खीर वस्तीपुरती करायची नाही, सगळ्या गावाला बोलवायचं, असं आबांनी ठरवलं. "मैत्री मैत्री म्हणतोय, मग बोलवाय नको?" ते स्वतः दारोदार फिरून आले. लोकांनी ओट्यावरूनच "बघू की" म्हटलं.

आले एकटे तात्या. तात्या गावातले शेतकरी, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांनी एका माळावर गुरं राखलेली, एका डोहात पोहायला शिकलेले. आमच्या दारावरून जाताना "हाईस का रं घरात?" अशी त्यांची हाक यायची, पण उंबऱ्याच्या आत पाय कधी पडला नव्हता. त्या दिवशी चपला काढून ते सरळ आत आले आणि पंगतीत आबांना लागून मांडी घालून बसले. आईला काय करावं कळेना.

"वैनी, वाढा की आणि," तात्या म्हणाले. "झकास झालीया."

आईनं पुन्हा वाढलं. त्यांनी बोटानं वाटी पुसून घेतली. जाताना आबांच्या पाठीत एक थाप घातली. आठवडाभर वस्तीत दुसरा विषय नव्हता. मी दहा-अकरा वर्षांची होते. आबा शिकवतात ते असंच असेल, तर किती सोपं आहे हे, असं मला वाटलं.

तात्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. खिरीची बातमी नवऱ्याकडच्यांच्या कानावर गेली आणि ते अडून बसले. मग एका सकाळी आबांना देवळापुढच्या पारावर बोलावणं आलं.

"मीबी येते," आई म्हणाली. "वाढलं म्या हाय." मी तिच्या मागोमाग गेले.

पारावर गावातली मोठी माणसं, नवऱ्याकडचे सोयरे आणि एका कडेला तात्या. आम्ही खाली उन्हात उभे. पाटलांनी आबांना विचारलं, "ह्येनं तुज्यात खाल्लं का न्हाय? तू खोटं बोलत न्हाईस म्हणत्यात. बोल."

आबांनी तात्यांकडे बघितलं. खरं बोलावं तर त्या पोरीचं लग्न मोडणार. खोटं बोलावं तर दर पौर्णिमेला वस्तीला जे देतो ते स्वतःच मोडायचं. मग म्हणाले, "त्येलाच इचारा. त्यो सांगंल ते."

तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "खातुय कशाला? मन मोडाय नको म्हणून वाटी धरली हातात. मागं परड्यात वतली आणि आलो."

इथवर मी आज समजू शकते. बाप होता, पोरीसाठी बोलला. पण कुणीही विचारलं नसताना ते पुढे म्हणाले, "आणि त्या घरात गिळवतंय व्हय? वास केवढा मारतोय!"

पारावर हशा पिकला.

आई पुढे झाली. "तात्या, दोनदा वाढलं म्या तुमास्नी. दोनदा."

आबांनी तिचा दंड धरला.

"काय म्हणती रं ती?" पाटलांनी विचारलं.

"काय न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

आम्ही घरी आलो. चुलीपाशी बसल्यावर आई म्हणाली, "त्येनं केलं त्ये केलं. तुमी माजा हात का धरला?"

"लगीन मोडलं असतं. त्या पोरीनं आपलं काय वाकडं केलंय?"

"आणि ही आपली पोर? ही बगत न्हवती व्हय?"

त्या लग्नाचा बँड आमच्या वस्तीपर्यंत ऐकू आला. पुढच्या पौर्णिमेला शील देताना, खोटं न बोलण्याच्या ओळीपाशी आबांचा आवाज बंद पडला. त्यानंतर ते काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवलं आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसू लागले. कुणाला जेवायला बोलावण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी शिकले, कोल्हापुरात शाळेवर लागले. आबा निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले. एका दुपारी एस.टी. स्टँडवर मागून हाक आली. तात्या होते, काठी टेकत. हाताला धरून मला हॉटेलात घेऊन गेले, दोन चहा सांगितले, शेजारी बसून बशीतून फुर्रकन प्यायले. आबांची चौकशी केली, माझ्या नोकरीचं कौतुक केलं.

मी विचारलं, "तात्या, त्या दिवशी पारावर वासाचं कशाला बोललात?"

त्यांना लगेच आठवलं. जराही अडखळले नाहीत. "लोक हसावीत म्हणून गं. हसली की गोष्ट मिटती. मिटली का न्हाय?"

मी चहा तसाच ठेवून उठले. "आबाला सांग, याद करतो म्हणून," ते मागून म्हणाले.

घरी आल्यावर मी आबांना काही सांगितलं नाही. तात्या याद करतात एवढं जरी सांगितलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते तात्यांना भेटायला गावाकडे निघाले असते, याची मला खात्री होती. आणि त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं.