दत्ताकाकांचा उलटा बाजार

काकूंचा फोन आला तेव्हा मी मँचेस्टरमध्ये ट्रॅमच्या स्टॉपवर उभी होते. "अगं, हे गेले," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा करून हाक मारली, तर..." मग अगदी नेहमीच्या आवाजात, "शनिवारचा बाजार बंद ठेवायचा नाही. एवढं तू सगळ्यांना कळव. मला ते ईमेल-बिमेल जमत नाही." मी हो म्हटलं. ट्रॅम आली आणि गेली, तिच्यामागचीही गेली. माझ्या बॅगेत कुठल्याशा निदर्शनाची पत्रकं होती, मीच लिहिलेली, आणि मला एवढंच सुचत होतं की यातलं पहिलं वाक्य दत्ताकाकांना आवडलं नसतं. "किती विशेषणं गं," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला असता.

त्याला आता सात आठवडे झाले.

दत्ताकाका माझे सख्खे काका नव्हेत. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात माझे बाबा लॅबमध्ये होते आणि काका एक्स-रे विभागात. दोघांची मैत्री कँटीनमधल्या भांडणांतून झाली, कारण बाबा कट्टर चळवळीतले आणि काका कशालाच चटकन हो न म्हणणारे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. मराठी वाचायला मी शिकले ती बाबांना भारतातून येणाऱ्या पत्रकांवरच. 'शोषण' हा शब्द मला 'शेजारी'च्या आधी आला, असं आई अजून सांगते. हॉस्पिटलच्या गेटवर बाबांबरोबर पत्रकं वाटणाऱ्या सात वर्षांच्या मला काकांनी 'कॉम्रेड' म्हणायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. त्या हाकेत थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती.

कराडला त्यांच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. वडिलांनी मुलाला मशीनला हात लावू दिला नाही, शीक म्हणाले. काका शिकले, इथे आले, आयुष्यभर लोकांच्या हाडांचे फोटो काढले आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा कपड्यांकडे वळले. शिवायला म्हणाल तर त्यांना बटणापलीकडे काही येत नव्हतं, पण शिवण वाचता यायची. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, घरच्या खोलीत कपडे तयार करणाऱ्या पोरी त्यांना भेटल्या, त्यांना दुकानं दारात उभी करत नव्हती, म्हणून काकांनी एका जुन्या चॅपेलचा हॉल महिन्यातून एका शनिवारी भाड्याने घेतला. नियम तीनच. ज्याने शिवलं त्याने टेबलामागे स्वतः बसायचं. कपड्यावर कार्ड लावायचं आणि त्यावर कोणी कापलं, कोणी शिवलं त्याचं नाव लिहायचं. आणि सगळे कपडे उलटे टांगायचे, आतली बाजू बाहेर.

पहिल्या शनिवारी एक बाई दारातच थबकल्या. "सगळं उलटं लावलंय," त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "कोणी सांगितलं नाही वाटतं बिचाऱ्यांना." काका पुढे झाले. "मॅडम, वरून सगळेच छान दिसतात. माझ्याकडेच बघा ना." बाई हसल्या आणि आत आल्या. काकांनी त्यांना शिवण कशी बघायची ते दाखवलं, दोरे कुठे तुटतील ते सांगितलं. बाईंना एक ड्रेस आवडला तेव्हा म्हणाले, "आधी घरी जाऊन कपाट उघडा. यासारखं काही निघालं नाही, तर पुढच्या महिन्यात या." टेबलामागची पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. पण बाई पुढच्या महिन्यात खरंच आल्या, बहिणीला घेऊन.

'स्लो फॅशन' हा शब्द आता मोठमोठ्या दुकानांच्या काचांवर चिकटवलेला दिसतो, आणि ज्यांनी माणसांना मशीनसारखं राबवलं तेच तो चिकटवतात. काका तो शब्द वापरत नसत. "स्लो काय आहे त्यात? कपडा शिवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागतो. बाकीचे दुसऱ्याच्या जिवावर घाई करतात," असं ते म्हणायचे. मी किती पत्रकं लिहिली, पण इतकं सरळ वाक्य मला एकदाही जमलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ती सांगितल्याशिवाय काकांबद्दल लिहिणं म्हणजे कपडा सुलटा टांगण्यासारखं होईल.

बाजाराला तिसरं वर्ष लागलं तेव्हा ग्लेनिस आली. साठीच्या पुढची, कार्डिफच्या वरच्या खोऱ्यातल्या एका गावातली, फार न बोलणारी. तिने बारा स्कर्ट आणले होते. मी तेव्हा कार्डिफलाच होते आणि बाजारात मदत करायचे, म्हणून एकेक बघत गेले. प्रत्येकाची टीप पट्टीने आखल्यासारखी. बाराही स्कर्ट असे सारखे, की एक बघावा आणि दुसरा विसरावा. कार्डावर लिहिलं होतं, 'कापलं – मी. शिवलं – मी.' नावसुद्धा नाही. माझं डोकं तापलं. माणसाच्या हाताने असं होत नाही, हा कारखान्यातला माल आहे, कुठल्यातरी गरीब बाईच्या घामावर ही इथे कलाकार म्हणून मिरवते आहे! मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. पुढच्या बाजाराच्या सकाळी दारात उभं राहून वाटलं. 'हे खरंच कोणी शिवलं?' असा मथळा, तिसऱ्या, म्हणजे तिच्याच टेबलाचा स्पष्ट उल्लेख आणि खाली सही 'काही सजग ग्राहक'. सजग ग्राहक म्हणजे मी एकटी.

ग्लेनिसने पत्रक वाचलं. तिने स्कर्ट एकावर एक रचले, घड्या अशा भराभर घातल्या की बघणारे थांबले, आणि पिशव्या उचलून निघाली. काका पिशवी घ्यायला पुढे झाले, ती तिने दिली नाही. उरलेला दिवस काका त्या रिकाम्या टेबलाशेजारी बसून होते. हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मग तसं लिहायचं. इथे हातरुमालालासुद्धा नाव लागतं, कॉम्रेड. तुझ्या कागदाला नको?"

मी वाद घातला. तिच्याही कार्डावर नाव नव्हतं, म्हटलं. बारा स्कर्ट, एकासारखा एक, हे तुम्हाला दिसत नाही का, म्हटलं.

"तिला विचारलंस?"

"काका, शिवणच सांगते की."

"शिवण सांगते. तुला वाचता येत नाही. तिला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

त्यांनी ग्लेनिसला फोन केला. ती म्हणाली, येऊ दे त्या मुलीला, चहा देईन, पण मी मात्र परत येणार नाही. दोन दिवसांनी मी खोऱ्यात जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसले. तिच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन होतं. गावात पूर्वी मोठ्या दुकानांसाठी कपडे शिवणारी फॅक्टरी होती. ग्लेनिस सोळाव्या वर्षी तिथे लागली, आणि फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिला पहिलं नातवंड झालं होतं. "त्यातली अकरा वर्षं मी फक्त डावे खिसे शिवले, लव्ह," ती म्हणाली.

"आणि उजवे?" मी मूर्खासारखं विचारलं.

"उजवे बेरिल शिवायची."

ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. मग तिने एक कापड घेतलं, ना खडू लावला ना टाचणी, आणि पाय दाबला. टीप सुरू झाली ती टोकापर्यंत सरळ गेली. कारखानाच होता तो, मी बरोबर ओळखलं होतं... फक्त तो कारखाना म्हणजे तिचे दोन हात होते. "पूर्ण पँट मला दुकानाच्या काचेतच दिसायची," ती म्हणाली. "तुमच्या बाजारासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खा कपडा केला. कार्डावर 'मी' लिहिलं ना, तेव्हा किती वेळ बघत बसले होते त्याच्याकडे. आणि तू..." तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी जन्मभर कामगारांच्या नावाने घोषणा दिल्या, आणि खऱ्या कामगाराचा हात समोर आला तेव्हा त्याला मशीन म्हणून मोकळी झाले.

माफीचं पत्रक मी चार पानांचं लिहिलं. काकांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "तुझी चूक चार पानांची नाही. चार ओळींची आहे," म्हणाले. मी चार ओळी लिहिल्या, खाली माझं नाव आडनावासकट घातलं आणि त्याच दारात उभं राहून वाटल्या. ग्लेनिस आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. टेबलासाठी रांग लागलेली होती, बाकीचे कुरकुरायला लागले, पण काका दर बाजाराला त्या टेबलावर स्वच्छ चादर घालायचे आणि ते तसंच ठेवायचे. दीड वर्षं. एकदा मी चिडून म्हटलं, "किती दिवस मला हे दाखवणार आहात?"

"तुझ्यासाठी नाही ठेवलेलं ते. तिच्यासाठी ठेवलंय," काका म्हणाले. "सगळं स्वतःवर का ओढून घेतेस?"

माझ्यावर ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत आणि त्यांनी मला बाजारातून काढलंही नाही. पुढच्याच महिन्यात माझ्याकडे कार्डं तपासायचं काम दिलं. विचारल्याशिवाय कोणावर शेरा मारायचा नाही, एवढीच अट. नोकरीसाठी मी मँचेस्टरला गेले तरी त्या कामासाठी दर महिन्याला येत राहिले. गेल्या वर्षभरात काका आजाराने वाळत गेले, पण बाजार त्यांनी चुकवला नाही. खुर्चीत बसून बाह्या उलट्या करून बघायचे. ग्लेनिस मात्र आली नाही, आणि ते टेबल रिकामं असतानाच काका गेले.

इथे अंत्यसंस्काराला जागा मिळेपर्यंत दिवस जातात. आम्हाला सोळा दिवस थांबायचं होतं. काकूंनी कपाटातून एक लोकरी कोट काढला. काका इकडे यायला निघाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी शिवलेला. तो त्यांना घालायचा होता, पण आता त्यात दोन काका मावले असते. अंत्यविधी करणारा माणूस सौजन्याने म्हणाला, मागून टाचण्या लावतो, कोणाला दिसणार नाही. काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "टाचण्या? यांना?"

मी ग्लेनिसला फोन केला. काय बोलावं ते ठरवलेलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "कोट इस्त्री करू नका. येते."

जेवणाच्या टेबलावर तिने कोट उलटा केला, अस्तर एका बाजूने उसवलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिली. अंगठा शिवणीवरून फिरवला. "कोण होता हा?"

"त्यांचे वडील," काकू म्हणाल्या.

"हाताने लावलंय अस्तर. सगळं." मग ती कामाला लागली. दोन तासांत पाठीची आणि दोन्ही बाजूंची शिवण आत घेतली. मी कात्री घेऊन शेजारी उभी होते. आत कापडाचा जाड थर राहिला होता. "हे जादा कापून टाकू का?" मी विचारलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "कापायचं नाही, लव्ह. माणूस परत अंगाने भरला, तर शिवण सोडायला नको?"

बोलली आणि थांबली. काकूच आधी हसल्या. "भरले तर बरंच होईल गं बाई," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही तिघीही हसलो, डोळे पुसत हसलो. ग्लेनिसने अस्तर परत लावून घेतलं. निघताना दारात तिने विचारलं, "पुढच्या शनिवारी हॉल किती वाजता उघडता?" मी म्हटलं, "आठ वाजता. तुझं टेबल तिथेच आहे."

अंत्यसंस्काराच्या दिवशी काकांच्या अंगाला तो कोट नीट बसला होता. टाचणी एकही नव्हती. आणि आत, दोन्ही बाजूंना, दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.