पंच्याहत्तरच्या आत

मास्तरीण हे तिचं टोपणनाव. शाळेशी तिचा संबंध इतकाच, की ती शाळेच्या गणवेशांचं कापड कापायची. शिवणकारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. ती जागा पहिल्यांदाच एका बाईला मिळाली, कुणीतरी गमतीने हाक मारली आणि ती हाक तिला कायमची चिकटली. बाई अंगाने दांडगी होती. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेचं कटर दोन्ही हातांनी दाबून रेषेवरून न्यायचं, असं तिचं काम. नव्या मुलींचं कटर थरथरायचं, हिचं नाही. ‘माझ्यामागे त्र्याण्णव किलो उभे आहेत, कटरची काय बिशाद,’ असं ती म्हणायची आणि सगळा हॉल हसायचा.

खाण्याची तिला पहिल्यापासून आवड, त्यातही गोडाची जास्त. चहात तीन चमचे साखर आणि वर बशीत चार बिस्किटं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, अबोल माणूस. तो कधी काही म्हणाला नाही. मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे कुणी लागेल असं घरात कोणी नव्हतंच.

मग धाकट्या भावाच्या किडन्या गेल्या.

धाकटा फ्रीज दुरुस्त करायचा. एकाएकी पाय सुजले, तोंड सुजलं, तपासण्या झाल्या, आणि महिन्याच्या आत तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायला लागला. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. बहिणीचा जुळला, पुढचंही सगळं जुळलं. अडलं ते एका वजनावर. सर्जन म्हणाले, इतक्या वजनावर तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. पंच्याहत्तरच्या आत या, मग बघू.

‘येते,’ ती म्हणाली. जणू कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायचं होतं.

आणि ती खरंच आली. आठ महिने लागले. सकाळ-संध्याकाळ चालणं, साखर बंद, जेवण मोजून. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद तिने स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवला आणि त्याबाहेरचा घास तोंडात घातला नाही. नवऱ्याचीही यात फरफट झाली. तिच्यासमोर खाणं त्याला जिवावर यायचं, म्हणून तो बिस्किटाचा पुडा घेऊन जिन्यात जाऊन बसायचा आणि चूळ भरून घरात यायचा. तरी तिला वास यायचाच. कुठलं बिस्किट, हेसुद्धा ती सांगायची.

वजन चौऱ्याहत्तरवर आलं. अंगावरचे कपडे तिने तीनदा आत घेतले. ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात धाकट्याच्या छातीत कफ भरला. ताप उतरेना. तारीख पुढे गेली. मग छातीतलं पाणी काढलं, मग औषधांचा लांब कोर्स. सर्जन तिला म्हणाले, याला वेळ लागेल, तोवर तुम्ही फक्त वजन आहे तिथे ठेवा.

हे ‘फक्त’ तिला किती जड जाणार होतं, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. वजन उतरवताना काटा रोज थोडा खाली जायचा, जिवाला हुरूप यायचा. आता काटा हलायचा नव्हता, आणि भूक मात्र जागची हलत नव्हती. जेवून उठली की दहा मिनिटांत पोटात पुन्हा खड्डा. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, की शरीराला जुन्या वजनाची सवय असते, ते परत मागत राहतं, पाणी प्या, काकडी खा, दुसरीकडे लक्ष घाला. ती पाणी प्यायली. काकडी इतकी खाल्ली की वासाने मळमळायला लागलं. पण पोटाला हवी होती साखर, आणि त्याला काकडी दाखवून काय उपयोग? कटर चालवताना तिच्या डोळ्यांसमोर जॅमची बरणी यायची. एकदा रेष चुकली आणि साठ बाह्या वाया गेल्या. कारखान्यात ती चिडकी झाली. मुली तिच्यापुढे डबे उघडेनाशा झाल्या.

धाकट्याची गोष्ट उलटी. त्याला भूकच नव्हती, होती ती तहान. दिवसाला मोजून लिटरभर पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधं. घसा ओला ठेवायला तो लिंबाच्या गोळ्या चघळायचा. डायलिसिस चालू असताना ती शेजारी स्टुलावर बसलेली असायची, आणि तो एकेक गोळीचा कागद सोडवायचा. त्या कागदाच्या आवाजाने तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याची तिला लाज वाटायची.

‘ताई, आपण अदलाबदल करू,’ तो एकदा म्हणाला. ‘तुझी भूक मला दे, माझी तहान तू घे.’

‘किडनी देतेय ती पुरे झाली,’ ती म्हणाली. दोघं इतकी हसली की नर्स बघायला आली.

असे नऊ महिने गेले. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि दिवसभर जिभेला आवरायचं. शेवटी धाकट्याची छाती साफ झाली. किडनीदानाला मंजुरी देणारी हॉस्पिटलची समिती महिन्यातून एकदा बसायची. तिच्यापुढे दोघांचे ताजे रिपोर्ट जायचे होते, मग तारीख. समितीला बारा दिवस उरले होते.

त्या शनिवारी कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाईंचा निरोप समारंभ होता. केक कापला. मास्तरणीला कुणी आग्रह केला नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. तिने आपणहून एक तुकडा उचलला. एवढ्याने काय होतंय, असं स्वतःशी म्हणाली. मग दुसरा. मग सगळ्या परत शिलाईला बसल्यावर, खोका आवरायच्या निमित्ताने, उभ्याउभ्या उरलेलं सगळं. घरी जाताना तिने आटवलेल्या गोड दुधाचा डबा घेतला. नवरा यायचा होता. ओट्याशी उभी राहून तिने तो चमच्याने खाल्ला, मग चमचा पुरेना तसा बोटाने. डबा रिकामा झाला तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिचं पोट गप्प होतं. ती खाली फरशीवर बसली आणि तिला तिथेच झोप लागली.

एका दिवसावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण बांध फुटला तो फुटला. रविवारी तिने घरातला जॅम संपवला. सोमवारपासून कारखान्यातून येताना रोज काहीतरी. खाताना अपराधी वाटायचं आणि अपराधी वाटलं की आणखी खावंसं वाटायचं. सकाळी काट्यावर उभं राहणं तिने बंद केलं. भावजय फोनवर विचारायची, ‘ताई, वजन ठीक आहे ना?’ ती ठीक आहे म्हणायची. नवऱ्याला कळलं होतं. रिकामे पुडे तोच केरात टाकत होता. एकदा त्याने तोंड उघडलं, तर ती इतकी अंगावर आली, की तो जिन्यात जाऊन बसला.

तपासणीच्या दिवशी तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. कानातलं काढून पर्समध्ये ठेवलं. काट्याने सत्त्याहत्तर पॉइंट तीन दाखवले. रक्तातली साखरही काठावर आली. सर्जन रागावले नाहीत. म्हणाले, दोन-अडीच किलोंनी आभाळ कोसळत नाही, पण समिती आता तुमची साखर महिन्याने पुन्हा बघायला सांगणार.

भावजय दाराशी उभी होती. मास्तरणीची नजर खाली होती.

‘तो दोन वर्षं पोटभर पाणी प्यायलेला नाही,’ भावजय म्हणाली. ‘आणि तुम्हाला बारा दिवस निघाले नाहीत?’

धाकट्यानेच बायकोला गप्प केलं. एका महिन्याचा तर प्रश्न आहे, मी कुठे पळून चाललोय, असं काहीतरी तो म्हणाला. बहिणीला रिक्षापर्यंत सोडायलाही आला.

त्या संध्याकाळपासून ती परत कागदावर आली. अठराव्या दिवशी चौऱ्याहत्तर पॉइंट आठ. एकोणिसाव्या दिवशी सकाळी धाकटा डायलिसिसला निघताना बूट घालायला वाकला आणि तसाच कलंडला. हृदय बंद पडलं होतं. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

पंधरवड्याने सर्जननी तिला बोलावून घेतलं. त्याचं हृदय आधीपासूनच कमजोर होत चाललं होतं, शेवटच्या तपासणीत ते दिसलंही होतं, समितीने बहुधा ऑपरेशन नाकारलंच असतं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हे खरं, की आपली समजूत घालायला सांगितलेलं, ते विचारायचा तिला धीर झाला नाही.

लोकांना वाटलं, आता तिची गोडावरची वासना उडेल. तसं झालं नाही. भाऊ जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा तिने चहात साखर घातली, आणि तो चहा तिला पूर्वीइतकाच गोड लागला. सगळ्यात जास्त तिच्या मनाला तेच लागलं. भूकही गेली नाही. आता वजन राखायला कुणी सांगत नव्हतं, कशासाठी राखायचं तेही कळत नव्हतं, तरी ती काही दिवस कागदाप्रमाणे जेवायची आणि काही दिवस दिसेल ते खायची. वर्षभरात एक्क्याऐंशी झालं.

भावजयीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण घर चालवायला काम हवंच होतं. सात-आठ महिन्यांनी तिने कारखान्यात विचारणा केली, आणि मास्तरणीने मालकाकडे शब्द टाकून तिला काजं-बटणांच्या टेबलावर लावून घेतलं. दोघी एकाच हॉलमध्ये, कामापुरतं बोलत. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर असताना भावजय कटिंगच्या टेबलापाशी आली.

‘ताई, त्या बारा दिवसांत नक्की काय काय खाल्लंत?’

मास्तरणीने कटर बंद केलं. तिने पहिल्या केकपासून सुरुवात केली. काही वगळलं नाही, काही कमी करून सांगितलं नाही. आठवेल तसं, दिवसवार. डबा, जॅम, पुडे, बोटाने पुसून खाल्लेली बरणी. सांगायला बराच वेळ लागला. भावजय टेबलाची कड धरून शेवटपर्यंत उभी राहिली.

‘आणि मला फोनवर ठीक आहे म्हणालात.’

‘हो.’

‘बरं,’ भावजय म्हणाली. घंटा झाली. ती जाऊन बटणांशी बसली. मास्तरणीने कापडाचे थर हाताने सारखे केले आणि पुढची रेष धरली.