निळ्या सायकलवाल्याचं गाणं

बायकोच्या नव्या अल्बममधल्या एकाही गाण्यात आपण नाही, हे सोफेवाल्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या तोंडात खिळे होते, म्हणून तो गप्प राहिला. खुर्चीला कापड चढवताना खिळे ओठांत धरायची त्याची जुनी सवय. संसारातली निम्मी भांडणं या खिळ्यांनीच टाळली होती.

बायको गाणी लिहायची आणि गिटारवर स्वतःच म्हणायची; साधी, लोकगीतांच्या वळणाची. मागे कुणी कंपनीबिंपनी नव्हती. हा अल्बम घरातल्या मागच्या खोलीतच रेकॉर्ड होत होता. माईक आणि लॅपटॉप तिच्या मावसभावाचे, आणि खोली घुमू नये म्हणून भिंतींना उभ्या केलेल्या गाद्या नवऱ्याच्या. खिडकीची गादी तेवढी टेकून राहत नसे. गाणं संपेपर्यंत ती त्यालाच पाठीने दाबून धरावी लागे. त्यामुळे प्रत्येक गाणं त्याने ऐकलं होतं, आणि प्रत्येकात स्वतःला शोधलं होतं. एकात तिची आई होती. एकात मेलेलं मांजर होतं. आणि एकात तो निळ्या सायकलवाला.

"हा कोण?" शेवटी त्याने खिळे काढून विचारलं.

"होता एक कॉलेजात."

"नुसता होता?"

"गेला ना दुसऱ्या गावी. न सांगता."

"मग माझ्यावर का नाही एखादं?"

"तू इथेच असतोस की रे," ती गिटारच्या खुंट्या पिळत म्हणाली. "रोज समोर असलेल्या माणसावर काय लिहायचं?"

मावसभाऊ हसला. "भावजी, तुम्हीही घ्या एक सायकल."

ते वाक्य त्याला गिळलेल्या खिळ्यासारखं आतून टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्याने गाद्या टेम्पोत चढवल्या आणि दुकानात राहायला गेला. नाहीसं झाल्याशिवाय माणसाचं गाणं होत नसेल, तर होऊ नाहीसे! नाहीसं व्हायला त्याला दोन गल्ल्यांपलीकडचं दुकानच सुचलं, हा त्याचा स्वभाव.

कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या दिवाणावर तो पडून राहायचा. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की उठून बघायचा. त्या माणसाचा चेहराही त्याला ठाऊक नव्हता, पण मनातल्या मनात त्याने त्याला उंची दिली, कुरळे केस दिले, पोट मात्र दिलं नाही. पोट सगळं स्वतःकडे ठेवलं.

एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली.

"मला न्यायला आलीस की गाद्यांना?"

"गाद्यांना. तुला पाय आहेत. खोली नुसती विहिरीसारखी घुमतेय."

"काही नवीन लिहिलंस का? मधल्या दिवसांत?"

"लिहिते कसली! फोन घरी विसरून रुसायला गेलास. तुझ्या गिऱ्हाइकांना उत्तरं देऊन तोंड दुखलं. चल, उचल."

संध्याकाळी नेमकं सायकलवाल्याचंच गाणं घ्यायचं होतं. खिडकीशी गादी दाबून तो उभा राहिला. ती छान गात होती, नको तितकी छान. तिसऱ्या कडव्यापाशी मात्र अडली. तारा वाजत राहिल्या, शब्द येईनात. डोळे मिटून तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मावसभाऊ कागद शोधू लागला.

"कुंपणाला टेकवून गेला माझी एक दुपार," खिडकीपासून आवाज आला.

ती वळली. "तुला पाठ आहे?"

"शत्रूचा पत्ता पाठ ठेवावा लागतो."

"सगळं?"

"घंटीसकट."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं तिने सायकलवाल्याकडेही कधी बघितलं नसेल, असं त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, बघितलंच असेल.

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली आणि स्टूल फिरवून त्याच्याकडे तोंड करून बसली. त्याचे ओठ दिसावेत म्हणून. पाठीने गादी दाबून धरत, आवाज न करता, तो आपल्या शत्रूचं गाणं तिला एकेक ओळ पुढे सांगत राहिला.