सुका बांगडा आणि दूर्वाच्या लसी

घरात कॅन्सर आला की शेजारीपाजारी हळू आवाजात बोलायला लागतात. आमच्याकडे उलट झालं. माझी नात दूर्वा, हिला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, आणि माझा आवाज होता त्याच्या दुप्पट झाला. मासळी विकणारी बाई मी, मुळात आवाज कमी नव्हताच. दोन वर्षं भांडून भांडून इतके किस्से साठले, की आता जेट्टीवर बायका मासे सोडून तेच मागतात.

* * *

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी बजावलं, "औषधं चालू आहेत तोवर गोवराची, कांजण्यांची लस द्यायची नाही." मी पक्कं धरलं, लस म्हणजे नाही. पुढे सिस्टर फ्लूचं इंजेक्शन घेऊन आली, तर मी खाटेसमोर उभी. "हात लावून दाखव."

डॉक्टरबाई धावत आल्या. "अहो आजी, जिवंत जंतूंची लस नको. मेलेल्या जंतूंची चालते. फ्लूची तर घ्यायलाच हवी."

"मग असं सांगा ना, फडफडता बांगडा नको, सुका चालेल."

बाईंना ते एवढं आवडलं, की शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईलाही तेच सांगितलं, "ही सुक्या बांगड्यातली लस हं." ती पोफळी गावची, घरात अंडंसुद्धा न शिजवणारी. घाबरून मला विचारते, "मावशी, ह्या माझ्या पोराला नक्की काय टोचतायत?"

* * *

दूर्वाचा भाऊ वेदू तीन वर्षांचा. पोलिओच्या थेंबांत जंतू जिवंत. ते वेदूच्या पोटातून घरात पसरले तर दूर्वाला बाधायचे, म्हणून डॉक्टरबाईंनी वेदूला पोलिओ सुईने दिला होता. घरोघरी थेंब पाजणाऱ्या आरोग्य केंद्राच्या दोघी मुली दारात आल्या. मी आडवी. सगळं समजावलं. त्या बिचाऱ्या नवीन होत्या, "बरं मावशी" म्हणाल्या आणि जाताना दारावर खडूने फुली मारून गेल्या. फुली म्हणजे ह्या घरातलं पोर राहिलं!

अख्ख्या वाडीत एकट्या माझ्या दारावर फुली. मी चुलीतला कोळसा घेतला आणि खाली हाताएवढ्या अक्षरात लिहिलं, "पोराला पोलिओ सुईने दिला आहे. फुली पुसा."

दोन दिवसांनी त्यांचे साहेब आले. वाचलं, हसले, स्वतः फुली पुसली. म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी दारावर लिहू नका, तोंडी सांगा."

"तोंडीच सांगितलं होतं. तेव्हाच तर फुली मिळाली."

* * *

गणपतीला मुंबईहून दीर येतात, सहकुटुंब. मी फोनवर सांगून टाकलं, "फ्लूची लस घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मग या. नाहीतर बाप्पाला व्हिडिओ कॉल करा."

दीर सुईला भितात हे सगळ्या गावाला ठाऊक. तरी चार दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. दंड, त्यावर कापूस. खाली लिहिलेलं, "वहिनी, घेतली बरं का."

मी फोटो मोठा करून बघितला आणि फोन लावला. "भाऊजी, हिरव्या बांगड्या कधीपासून घालायला लागलात?"

दुसऱ्या दिवशी नवीन फोटो आला. ह्या वेळी चेहऱ्यासकट. चेहरा रडका.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण सांगते. समोरच्या शिरीनभाभीचा मुलगा आदल्या दिवशी दूर्वाबरोबर कॅरम खेळून गेला. सकाळी भाभी स्वतःच्या दारातून ओरडली, "ताई, इकडे येऊ नका! ह्याच्या अंगावर कांजण्या उठल्यात. दूर्वाला आत्ताच्या आत्ता न्या!"

आमच्याकडे कांजण्या आल्या की देवी आली म्हणतात, घर मिटून घेतात, चारचौघांत बोलत नाहीत. भाभीने साऱ्या आळीला ऐकवलं. आम्ही त्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं. वेळेत होतो, म्हणून कांजण्यांशी लढायची तयार ताकद अंगात घालणारं इंजेक्शन देता आलं. पुढचे तीन-चार आठवडे सूनबाई रोज दूर्वाचं अंग तपासायची. एक फोड आला नाही.

शेजारची म्हातारी मला म्हणाली, "देवीला असं दारातून परत पाठवू नये गो."

मी म्हटलं, "ओटी भरली, नमस्कार केला. आत कशाला बोलवू? घरात जागा नाही."

* * *

औषधं संपली. सहा महिने गेले, रक्त चांगलं आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लहानपणीच्या लसींचा जोर औषधांनी धुऊन गेलाय. आता जिवंत जंतूंच्याही देऊ. परत घ्या." म्हणजे नऊ वर्षांची घोडी लसीच्या दिवशी तान्ह्या बाळांच्या रांगेत. नर्सने मान वर न करता विचारलं, "बाळ कुठंय?" मी दूर्वाला पुढे ढकललं.

हॉस्पिटलात हिच्या पाठीच्या कण्यात सुया घातल्या, पण रडली नाही. उलट मलाच म्हणायची, "आजी, तू बाहेर थांब." आणि इथे एवढीशी सुई दंडात गेली मात्र, हिने जो गळा काढला, दोन बाळं दचकून गप्प झाली.

नर्स घाबरली. "एवढं दुखलं, बाळा?"

दूर्वा हुंदके देत म्हणाली, "नाही. इथे सगळेच रडतायत ना."