चहाच्या वेळी झालेलं बोलणं

दोन हजार चारची अमेरिकेतली निवडणूक जवळ आली तसं लेकीच्या शाळेने होमवर्क दिलं: घरातल्या मोठ्यांना मतदानाबद्दल विचारून लिहा. आम्ही नवरा-बायको व्हिसावर, आम्हाला इथे कोण विचारतंय. मग ती आजोबांकडे वळली.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडे जर्सी सिटीत सहा महिन्यांसाठी आले होते. तरुणपणी ते पूर्व आफ्रिकेतल्या एका ब्रिटिश वसाहतीत सरकारी स्टेनो. तिथे मतदान कसं असावं यावर लंडनच्या साहेबांच्या आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या वाटाघाटी झाल्या, त्यांची मिनिट्स, म्हणजे बैठकीत कोण काय बोललं त्याची नोंद, त्यांनी घेतलेली. हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी "हो का, बाबा" म्हणत पोळ्या लाटत राहायचे.

त्या दिवशी मात्र ते पुढचंही बोलले. गोरे, भारतीय, आफ्रिकन, तिघांच्या मतदारयाद्या वेगळ्या, आणि बहुतेक आफ्रिकनांना मतच नाही. पुढारी म्हणत होते, यादी एकच करा, सगळ्यांना मताचा हक्क द्या. मोठा साहेब बैठकीत दाद देईना. चहाच्या वेळी मात्र हसून म्हणाला, "ठीक आहे, याच निवडणुकीपासून करू." चहा आला की स्टेनोने पेन्सिल खाली ठेवायची हा रिवाज. सासऱ्यांनीही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबाने कानावर हात ठेवले. पुढारी म्हणाले, हा स्टेनो होता तिथे, याला विचारा.

"मी म्हणालो, माझ्या वहीत तसं काही नाही," सासरे म्हणाले.

"बट आजोबा, यू हर्ड इट, राइट?"

मला पोरीचा असा राग आला. म्हाताऱ्या माणसाची काय उलटतपासणी घ्यायची ती.

"ऐकलं होतं," ते म्हणाले. "तुझा बाबा महिन्याचा होता. नोकरी गेली असती. माझ्या शेजारच्या टेबलावर एक आफ्रिकन कारकून बसायचा, आम्ही रोज डबा एकत्र खायचो. त्याला त्या निवडणुकीत मत देता आलं नाही. त्याने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही."

भाजीतल्या मिठावरून माझ्याशी अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस हे पंचेचाळीसेक वर्षं गिळून बसला होता. मला फार माया आली त्यांची.

"देन राइट इट नाऊ," लेक म्हणाली.

त्यांनी मला लॅपटॉप आणायला लावला आणि त्या बैठकीची मिनिट्स सांगायला लागले. माझ्या टायपिंगच्या चुकाही काढल्या. मी विचारलं, "बाबा, हे चहाच्या वेळचं शेवटी टीप म्हणून टाकू का?"

"टीप नाही. मिनिट्समध्येच टाक. आणि वर हजर असलेल्यांत माझं नाव घाल."

"स्टेनोचं नाव घालतात का त्यात?"

"घालत नाहीत," ते म्हणाले. "तू घाल. मी होतो तिथे."