गोडांबेबाईंचा कप्पा

विनिता गोडांबे नव्या शाळेत पिशवी घेऊन यायच्या आणि पिशवी घेऊनच जायच्या. आता यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण त्या पिशवीत खडूचा डबा असायचा, डस्टर असायचं, पाण्याचा पेला, स्टेपलर, लाल पेनांचं पाकीट, गणिताची दोन पुस्तकं आणि जानेवारी असो की मार्च, एक छत्री. संध्याकाळी शाळा सुटली की हे सगळं परत पिशवीत. शाळेत त्यांच्या मालकीची टाचणीसुद्धा मागे उरत नसे. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

डोंबिवलीतल्या ज्या शाळेत बाईंनी चोवीस वर्षं गणित शिकवलं, तिथल्या मराठी माध्यमाच्या तुकड्या एकेक करून बंद होत गेल्या. मुलं कमी झाली, शिक्षक जास्त झाले, आणि जास्त झालेल्या शिक्षकाला सरकारी भाषेत ‘अतिरिक्त’ म्हणतात. बावन्नाव्या वर्षी बाई अतिरिक्त झाल्या. हा शब्द त्यांना फार लागला. “उरलेल्या पोळीला कुणी अतिरिक्त म्हणत नाही हो,” त्या नवऱ्याला, केदाररावांना म्हणाल्या, “तिचा निदान कुस्करा तरी करतात.” केदारराव मानपाड्याच्या एका कंपनीत हिशेबनीस. बायकोचा हा विनोद आहे की रडणं आहे ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी चहा टाकला.

संक्रांत झाली आणि आदेश आला. शाळा मोहन्यात, म्हणजे आंबिवली स्टेशनला उतरून पुढे रिक्षा. आदेशाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: पुढील संचमान्यतेपर्यंत. पटावरची मुलं मोजून शिक्षकांची पदं पुन्हा ठरतील, तोवर इथे. त्यानंतर मुरबाडला धाडतील की शहापूरला, ते धाडणाऱ्यालाच ठाऊक. मुख्याध्यापकांनी ‘या बाई आम्हाला हव्यात’ असं लिहून दिलं तर राहता येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. निवृत्तीला सहा वर्षं उरलेली आणि आता गावोगाव फिरण्याची उमेद नव्हती. म्हणून बाईंनी मनाशी एकच गाठ बांधली: इथे आपल्या हातून काही चुकायला नको.

शाळा नदीपासून फार लांब नव्हती. दुमजली, पिवळ्या रंगाची, पुढे मैदान. जुन्या रेयॉन कंपनीत ज्यांचे आजोबा कामाला होते, अशी निम्मी मुलं. ही मुलं ‘नमस्ते बाई’ एवढं लांबवून म्हणायची की तेवढ्यात एक उदाहरण सोडवून व्हावं. मधल्या सुट्टीत कैरी आणायची, तिखटमीठ एकीच्या कंपासपेटीत असायचं आणि फोड बाईंच्या टेबलावर आधी यायची. डोंबिवलीच्या शाळेत मुलं क्लासमध्ये आधीच शिकून यायची आणि बाईंकडे पाहुण्यासारखी बघायची. इथे फळ्यावर बेरीज चुकली तर सगळा वर्ग खूश होऊन ओरडायचा. मुलांशी बाईंचं महिन्याभरात जमून गेलं, हे त्यांचं त्यांनाही नवल वाटलं.

अडलं ते शिक्षकांशी. भांडण नव्हतं हो. पण तिसरा तास संपला की तळमजल्यावरची शिक्षकखोली रिकामी व्हायची. मोकळा तास असलेले सगळे जिना चढून वरच्या मजल्यावर जायचे. वरून हसण्याचा आवाज यायचा. शिपाईकाम करणाऱ्या शेवंतीमावशी चहाची किटली घेऊन वर जायच्या आणि बाईंचा एकच कप तेवढा खाली आणून द्यायच्या. वरच्या मजल्यावर बाईंचा वर्ग नव्हता, आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. बाईंचा स्वभावच असा की बाकावर शेजारीण पसरून बसली तर ‘सरका’ म्हणायच्या ऐवजी या अर्ध्या अंगानं बसतील आणि घरी जाऊन तासभर बोलतील. आपल्याला कुणी आपलं मानत नाही, असं त्यांनी स्वतःशी पक्कं केलं आणि पिशवी आणखी घट्ट धरली.

एप्रिलात नववीची वार्षिक परीक्षा सुरू झाली. मंगळवारी बीजगणिताचा पेपर झाला. मुख्याध्यापक भोईर सरांची सूचना होती, वार्षिकच्या उत्तरपत्रिका घरी न्यायच्या नाहीत, शाळेतच तपासायच्या. म्हणून तीन महिन्यांत पहिल्यांदा बाईंनी शाळेत काहीतरी ठेवलं. नववी ‘ब’चे सत्तेचाळीस पेपर सुतळीनं बांधले, वर आपलं नाव लिहिलं आणि शिक्षकखोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, नीट सरकवले.

बुधवारी आल्या तर फळी रिकामी.

बाईंनी कपाट पालथं घातलं. टेबलाखाली पाहिलं. पंख्याखाली उभ्या होत्या तरी घाम फुटला. पेपर हरवणं म्हणजे काय, हे शिक्षकालाच कळतं. सत्तेचाळीस मुलांचं वर्ष, चौकशी, खुलासा द्या, आणि मग कोण लिहून देतंय ‘या बाई आम्हाला हव्यात’? विचारावं का कुणाला? हिंदीचे साईनाथ सर तेवढ्यात आत आलेले. बाईंनी पटकन कपाट लावलं आणि छत्री शोधत असल्याचं दाखवलं. जुन्या शाळेत असं काही कुणाला कळलं की मधल्या सुट्टीच्या आत मुख्याध्यापकांच्या कानावर जायचं. ती भीती अजून अंगात होती.

संशय मात्र कुणावर तरी यायलाच हवा होता, तो रसिकावर आला. रसिका नववी ‘ब’मधली. बडबडी, खोखोत शाळेची पहिली आणि गणितात शेवटून पहिली. सहामाहीत तिला चाळीसपैकी सात होते. मंगळवारी पेपर गोळा करताना तिनंच विचारलं होतं, “बाई, आमचे पेपर आता कुठं ठेवता?” तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्या वाक्याला शिंगं फुटली.

परीक्षेच्या दिवसांत दप्तरं वर्गाबाहेर भिंतीशी लावून ठेवतात. गुरुवारी इतिहासाचा पेपर चालू होता आणि व्हरांड्यात कुणी नव्हतं. रसिकाचं दप्तर ओळखायला सोपं, त्याला खोखोच्या बक्षिसाची रिबीन बांधलेली. बाई वाकल्या. चोवीस वर्षांत मुलाचं दप्तर त्याच्या मागे कधी उघडलं नव्हतं, ते उघडलं. आत उत्तरपत्रिका नव्हत्या. डबा होता, खोखोचे बूट होते आणि गणिताची वही होती. वहीच्या शेवटच्या पानांवर मंगळवारची सगळी प्रश्नपत्रिका पोरीनं घरी जाऊन पुन्हा सोडवलेली. प्रत्येक उत्तरापुढे किती मार्क मिळतील ते पेन्सिलीनं लिहिलेलं आणि खाली बेरीज: ‘१२. पासला दोन कमी. प्लीज बाई.’

बाईंनी दप्तर जसं होतं तसं लावलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. पेपर नाहीतच म्हटल्यावर या पोरीच्या ‘प्लीज’ला त्या उत्तर काय देणार होत्या?

शुक्रवारी साईनाथ सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय बाई, तुम्ही पेपर तपासायलाच घेतले नाहीत अजून? सोमवारी गुण द्यायचेत.”

“चाललंय,” बाई म्हणाल्या.

“चाललंय कुठं? आम्हाला तर दिसत नाय,” सर हसले आणि जिना चढून गेले. म्हणजे यांना कळलंय. सगळ्यांना कळलंय आणि गंमत बघतायत. घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. केदारराव शांतपणे म्हणाले, “अगं, लपवून पेपर सापडणारेत का? सांगून टाक. मुरबाड तर मुरबाड, मी पण येईन तिकडे.” ते काही येणार नव्हते, पण ऐकायला बरं वाटलं.

शनिवारी शाळेत येताच बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. रात्री लिहिलेला कबुलीचा अर्ज सरांपुढे ठेवला. भोईर सर इथलेच, मोहन्याचे. अंगानं भरलेले, आवाज मैदानभर पोचणारा. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून पुन्हा वाचला.

“बाई, तुम्ही ठेवलेले कुठं?”

“शिक्षकखोलीत. कपाटात, खालच्या फळीवर.”

“खाली?” सरांनी कपाळाला हात लावला. “चार दिवस तुम्ही खाली शोधताय?” आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाईंना वाटलं, माणसाची नोकरी जायला आली आणि यांना हसू कसं येतं. सरांनाही ते लक्षात आलं असावं, कारण हसू आवरून ते खुर्ची पुढे ओढून बसले.

“बाई, दोन हजार पाचला इथं या टेबलावरून पाणी वाहिलंय. तेव्हा मी साधा शिक्षक होतो. रजिस्टरं, दाखले, पेपर, सगळा चिखल झाला. लोक दाखला मागायला यायचे आणि आम्ही खाली मान घालून उभे. तेव्हापासून या शाळेत कागद रात्री खाली राहत नाही. उन्हाळा असो, काही असो. खाली जे राहील ते मावशी वर नेते. वीस वर्षं झाली, आता कुणी बोलतही नाही. नव्या माणसाला सांगायला हवं, हे आमच्या ध्यानातच नाही आलं. चुकलं आमचं.” आणि त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, “शेवंतीबाय! गोडांबेबाईंना वर घेऊन जा.”

“अवो बाई, तुमचा गठ्ठा तर मंगलवारीच वर ठेवलाय मी,” शेवंतीमावशी जिना चढता चढता म्हणाल्या. “मी म्हनलं, बाई तपासायला का येत नाय? साईनाथ सर पन विचारत होते. तुम्ही आपलं सगलं घरी नेता, मला वाटलं तुम्हाला वर आवडत नाय. म्हनून चहा पन खाली आनून देत होते. जिना चढून दुखतात गुडघे, पन म्हनलं असू दे.”

तीन महिने ज्याला बाई वाळीत टाकणं समजत होत्या, ती बिचाऱ्या म्हातारीची वेगळी खेप होती.

वरची खोली लांबलचक होती. खिडकीतून नदीकडचं वारं येत होतं. मध्ये जोडलेली टेबलं, त्यांवर तपासायचे गठ्ठे, आणि भिंतीला लोखंडी मांडणी. प्रत्येक कप्प्यावर निळ्या रंगानं नाव. साईनाथ सर आणि आणखी तिघंचौघं पेपर तपासत बसले होते. “आल्या एकदाच्या!” सर म्हणाले आणि शेजारची खुर्ची पुसली.

मांडणीच्या तिसऱ्या ओळीत, खिडकीजवळ, बाईंनी वाचलं: सौ. गोडांबे, गणित.

आत सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता, सत्तेचाळीस पेपरांचा, जसाच्या तसा. त्याच्या शेजारी आणखी काय काय होतं. फेब्रुवारीतल्या हळदीकुंकवाचं वाण, स्टीलची वाटी, कागदात गुंडाळलेली. नवं डस्टर. कुणीतरी ठेवलेला, कधीच चिकट झालेला तिळाचा लाडू. त्यांच्या नावाचा चहाचा कप. तीन महिने माणसं त्यांच्यासाठी एकेक वस्तू ठेवत होती आणि त्या तळमजल्यावर फुगून बसल्या होत्या.

“हे नाव कधी लिहिलं?”

“तुम्ही आला त्याच हप्त्यात,” मावशी म्हणाल्या. “चित्रकलेच्या केणे सरांनी.”

“पण मी तर... पुढच्या संचमान्यतेपर्यंतच आहे. खडूनं लिहायचं ना.”

“ऑइलपेंट हाय तो,” मावशी म्हणाल्या. “आता नाय निघायचा.”

बाई खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. साईनाथ सरांनी पाण्याची बाटली सरकवली आणि मान खाली घालून पेपर तपासायला लागले. छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय होतं, ते बाईंना त्या दिवशी कळलं. चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

मग त्यांनी सुतळी सोडली आणि गठ्ठ्यातून आधी रसिकाचा पेपर काढला. नियम असा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा तपासला, दुसऱ्यांदा तपासला. पोरीनं स्वतःला फार कमी मार्क दिले होते. रीत बरोबर असून उत्तर चुकलं की ती स्वतःला शून्य देत होती. चाळीसपैकी सतरा होत होते, आणि त्यातला एकही बाईंनी दयेनं दिलेला नव्हता.

दुपारी परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला तेव्हा रसिका फाटकाशी उभी होती. बाई सरळ तिच्याकडे गेल्या. “रसिका, गुरुवारी मी तुझं दप्तर उघडलं होतं. मला वेगळाच संशय आला होता. चुकलं माझं.”

रसिकानं डोळे मोठे केले. “डबा नाय ना खाल्ला बाई?”

“नाही.”

“मग चालतंय. पण बाई, शेवटचं पान...?”

“वाचलं. मार्क सोमवारच्या आधी सांगता येत नाहीत. पण सुट्टीत बेरीज करायला शिक, तुला स्वतःचे मार्क मोजता येत नाहीत.”

पोरीनं दोन सेकंद विचार केला, मग अशी ओरडली की मैदानापलीकडच्या रिक्षावाल्यांनीही वळून पाहिलं.

मेमध्ये भोईर सरांनी वर जे लिहून पाठवायचं ते पाठवलं, आणि जूनमध्ये बाई मोहन्यातच राहिल्या. पण त्या शनिवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या घरी आल्या तेव्हा केदारराव दारातच उभे होते. त्यांनी आधी बायकोचा चेहरा पाहिला, मग तिचे मोकळे हात, आणि ते घाबरले.

“अगं, पिशवी कुठंय? हरवलीस की काय?”

“नाही हो,” चप्पल काढता काढता विनिताबाई म्हणाल्या. “कप्प्यात ठेवून आलेय. माझ्या.”