किहीमचा फो आणि काशीला सोडलेले मासे

पेणहून किहीमला नुसतं सूप प्यायला जायचं, हे मला आधी पटलंच नव्हतं. लेकीने पुण्याहून फोनवर समजावलं, "आई, व्हिएतनामी नूडल सूपचं नवं हॉटेल निघालंय तिथे. त्याला फो म्हणतात. बाबांना घेऊन जा. आणि ही डेट आहे, वाटेत काकूकडे डोकावू नका!"

जानेवारीतल्या शनिवारी दुपारी चारला निघालो. वडखळपर्यंत ट्रकच ट्रक. पोयनाडनंतर मात्र रस्ता मोकळा झाला आणि ऊन मऊ. एका बांधावर पोपटी लागली होती, मडक्याभोवती जाळ धरलेला, आत वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला. सुधीरने, म्हणजे लेकीच्या बाबांनी, काच खाली केली आणि तो वास बराच वेळ गाडीत आमच्याबरोबर येत राहिला. तुम्ही जाणार असाल तर चोंढीच्या नाक्यावर गर्दीत अडकण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. आम्ही अडकलो, आणि आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

सुधीरची आई गेल्या वर्षी गेली. अस्थी घेऊन तो काशीला गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिथे आवडीची एक खायची वस्तू जन्मभरासाठी सोडून आला. लोक हुशारीने दुधी सोडतात. याने मासे सोडले. अलिबाग तालुक्यात वाढलेल्या माणसाने! तेव्हापासून मीही घरात मासळी आणली नाही. त्याच्यासमोर खाणं बरं दिसेना. आईविषयी तो एक शब्द बोलत नव्हता. मीही विचारलं नाही.

हॉटेल नारळाच्या वाडीतच आहे. सात-आठ टेबलं, झावळ्यांमध्ये टांगलेले कागदी दिवे, आणि मधूनच ऐकू येणारा समुद्र. मालक नीलेश चौलचा, बरीच वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात काढून परतलेला.

"चिकनचेच द्या," मी बजावलं. "मासे चालत नाहीत."

"चिकनचाच हाय, ताई. बिनधास्त बसा."

एका वाडग्याला साडेतीनशे, आणि वाडगा चांगला मोठा असतो. सोबत ताटलीत कच्चा पाला, मोड आलेले मूग, लिंबू. वाफेत चक्रफूल आणि दालचिनी. सुधीरने डोळे मिटून पहिला घोट घेतला, मग दुसरा. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, ती त्याने पुसलीही नाही. "कसलं छान आहे गं," तो म्हणाला. इतकं निवांत त्याला मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मीही प्यायले. मसाल्यांच्या खालून एक ओळखीचा वास आला. उन्हात वाळत घातलेल्या मासळीचा.

हात धुवायच्या निमित्ताने मी उठले आणि नीलेशला गाठलं. "यात मासा आहे?"

"मासा न्हाय हो ताई. मासे मिठात मुरवून काढलेलं खारं पाणी, तेवढंच. तुम्हाला तुकडी नको असंल असं मला वाटलं. हे तर मिठासारखं हाय."

मी बेसिनपाशीच थांबले. नकळत पोटात गेलं तर नेम मोडतो का? नसेल मोडत. मग गप्प बसावं? पण यापुढचा प्रत्येक घोट मी माहीत असून त्याला पिऊ देणार होते. आणि मी गप्प राहिले असते ते त्याच्या सुखासाठी की माझी संध्याकाळ मोडू नये म्हणून, हे मला खात्रीने सांगता येईना. परत आले आणि सांगून टाकलं.

त्याने चमचा खाली ठेवला. वाडग्याकडे पाहत राहिला. मागोमाग आलेल्या नीलेशने जीभ चावली, हात जोडले. "दादा, चुकलंच माझं."

"असू दे रे. मासा कुठला असतो यात?"

"बारीक. आपल्या मांदेलीच्या जातीचा."

सुधीर एकदम हसला. "आई मांदेली साफ करायला बसली की समोर आम्ही दोघं, मी आणि मांजर. ती म्हणायची, मांजराला तरी लाज आहे!"

मग तो आईविषयी बोलतच राहिला. नीलेशने दुसरा वाडगा आणला, त्या पाण्याशिवाय केलेला. सुधीरने चव घेतली. "हं. औषध छान झालंय," म्हणाला आणि सगळं संपवलं. माझा वाडगा मी बाजूला सारला होता, तो त्याने परत माझ्यापुढे सरकवला.

"तू का थांबलीस? आणि घरी का खात नाहीस?"

"तू सोडलेस म्हणून."

"मी सोडले ना? मग घरात वास तरी येऊ दे. तळणीचा आवाज होऊ दे. हल्ली मला सोडल्यासारखं वाटतच नाही. नुसतं संपल्यासारखं वाटतं."

वरचे दिवे वाऱ्याने हलत होते, टेबलावर त्यांचा उजेड पुढेमागे होत होता. मी सूप संपवलं. गार झालं होतं, तरी सुंदर होतं.

रविवारी सकाळी पेणच्या बाजारातून मांदेली आणली. रव्यात घोळवून तळायला घेतली. हे बरोबर करतेय की त्याचा छळ मांडलाय? तो ओट्याशी येऊन उभा राहिला. "रवा कशाला? आई तांदळाचं पीठ लावायची."

जेवायला तो समोरच बसला, वरणभात घेऊन. मी पहिल्या मांदेलीचा घास घेतला. त्याचे डोळे भरले होते, पण नजर माझ्या ताटावरच होती.

"कुरकुरीत आहे?"

"आहे."

"घे आणखी," त्याने डिश माझ्याकडे सरकवली आणि आईची पुढची गोष्ट सांगायला लागला.